ऊसतोडीच्या फडातली तीन मिनिटं: परदेशी संस्थेसाठी मुलांवर फिल्म करताना

परदेशी बालसंस्थेचं काम येतं तेव्हा सोबत दोन-तीन पानांचा एक कागद येतो. त्याला ते ब्रीफ म्हणतात. तीन मिनिटांची मुख्य फिल्म, नव्वद सेकंदांची एक, मोबाइलवर उभी दिसणारी तीस सेकंदांची एक. आठ ते बारा वर्षांचं मूल, शक्यतो मुलगी. 'आधी' आणि 'नंतर' दिसायला हवं. शेवटी आशा.

मी केज तालुक्यातली. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे जी कुटुंबं ऊसतोडीला निघतात, त्यांच्या लेकरांवर मी अशा संस्थांसाठी छोट्या फिल्म करते. हे काम करू बघणारी तरुण मंडळी मला पहिला प्रश्न विचारतात तो कॅमेऱ्याचा. कॅमेऱ्याबद्दल पुढे सांगते. सुरुवात मात्र त्या कागदापासून करा, आणि तो वाचताना एक प्रश्न समोर ठेवा: ही पोरगी उद्या बावीस वर्षांची होईल, गावात कुणीतरी मोबाइलवर ही फिल्म लावेल, तेव्हा ती तिथेच बसून शेवटपर्यंत बघू शकेल का? माझे बाकीचे सगळे नियम या प्रश्नातून आलेत.

ब्रीफला उत्तर लिहा

बरेच जण ब्रीफ म्हणजे हुकूम समजतात. तसं नसतं. लंडन किंवा जिनिव्हात बसलेल्या माणसाने ते लिहिलेलं असतं. त्याला देणगीदार माहीत असतो, कोपी, म्हणजे ऊसतोड मजुरांची तात्पुरती झोपडी, माहीत नसते. म्हणून लगेच होकार न देता एक पानभर उत्तर पाठवा. फिल्म कुठे दाखवणार? पैसे देऊन जाहिरात म्हणून चालवणार का? किती वर्षं वापरणार? तुमच्या संकलनानंतर त्यांच्याकडचं कुणी ती परत कापून त्यावर वेगळा आवाज टाकणार का? लेकराचं नाव लावणार का? त्यांचं बालसुरक्षेचं धोरण आणि संमतीचा नमुना मागून घ्या. मोठ्या संस्थांकडे ही दोन्ही कागदपत्रं असतात आणि ती बहुधा चांगली असतात. अडचण अशी की निधी गोळा करणारा विभाग ती उघडत नाही. तुम्ही त्यातलंच वाक्य त्यांच्यापुढे ठेवलंत, तर वाद घालावा लागत नाही.

'आधी-नंतर'च्या मागणीला मी दरवेळी हरकत घेते, आणि ती का घेते हे त्यांना समजावून सांगते. भुकेलं मूल दाखवून देणगी मागायची पद्धत शंभर वर्षांची आहे. सेव्ह द चिल्ड्रन फंड १९१९ साली लंडनमध्ये सुरू झाला. १९२१ च्या रशियातल्या दुष्काळात या फंडाने तिथे छायाचित्रकार पाठवून चित्रफीत करून घेतली आणि ती ब्रिटनमध्ये दाखवून मदत उभी केली. त्या पैशांतून अन्नछत्रं चालली, लेकरं वाचली, हे खरं आहे. १९८४ च्या इथिओपियातल्या दुष्काळाची दृश्यं जगभर गेली तेव्हाही तेच झालं. पण त्या दृश्यांतल्या मुलांना कुणी काही विचारलं नव्हतं. पुढे १९८९ मध्ये युरोपातल्या संस्थांनी गरीब देशांतल्या माणसांच्या प्रतिमा कशा वापराव्यात याची आचारसंहिता ठरवली. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क संहिता स्वीकारली. भारताने ती १९९२ मध्ये मान्य केली. तिचं बारावं कलम सांगतं की मुलाशी संबंधित गोष्टीत मुलाचं मत विचारात घ्यायला हवं. सोळावं कलम मुलाच्या खाजगीपणाला आणि अब्रूला संरक्षण देतं. ही दोन कलमं पाठ ठेवा. ज्या संस्थेचं सगळं काम याच संहितेवर उभं आहे, तिच्याशी बोलताना यांच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

माझ्या करारात एक वाक्य कायम असतं: प्रसिद्धीआधी अंतिम फिल्म कुटुंबाला आणि मुलाला दाखवली जाईल, आणि त्यांनी सांगितलेलं दृश्य काढलं जाईल. एका संस्थेने हे वाक्य मान्य केलं नाही, तेव्हा मी ते काम घेतलं नाही. बाकी सगळ्या बाबतींत मी तडजोड करते.

हंगाम समजून घ्या

ऊसतोडीवर फिल्म करायची तर त्या कामाचं वेळापत्रक तुमच्या वेळापत्रकाच्या वर असतं. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज या भागांतून टोळ्या निघतात आणि पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, अहिल्यानगर, पलीकडे कर्नाटकात बेळगाव-बागलकोटपर्यंत जातात. कारखाने ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतात. शाळा जूनमध्ये उघडते. म्हणजे लेकराचं शाळेचं दुसरं सत्र फडात जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी जमवणारा ठेकेदार, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देतो आणि ती फिटेपर्यंत कोयता त्याला बांधलेला असतो. ऊस कसा वाहून नेतात त्यावरून गाडी सेंटर, टायर सेंटर, डोकी सेंटर असे कामाचे प्रकार आहेत आणि प्रत्येकात लेकराच्या वाट्याला येणारं काम वेगळं असतं. बैलगाडी असेल तिथे बैलांना पाणी दाखवणं पोरांकडे येतं. डोकी सेंटरवर मोळ्या वाहणाऱ्या आईमागे धाकटं सांभाळणं थोरलीकडे येतं. हे माहीत नसताना गेलात तर तुम्हाला दिसेल ते फक्त 'गरिबी', आणि फिल्मही तेवढीच होईल.

मी दोनदा जाते. एकदा सप्टेंबरात, कुटुंब गावी असताना. तेव्हा घर असतं, शाळा असते, आजी असते, निवांतपणा असतो. दुसऱ्यांदा डिसेंबर किंवा जानेवारीत, फडात. संस्थेला वाटतं सगळं एका फेरीत व्हावं, खर्च वाचावा. त्यांना सांगा की ज्या लेकराला तुम्ही फक्त कोपीत पाहिलंय, त्याचं घर तुम्हाला माहीतच नाही. फिल्ममध्ये घर आलं नाही तर बघणाऱ्याला वाटतं हे मूल जन्मापासून ताडपत्रीखाली राहतं.

जी लेकरं मागे राहतात त्यांची गोष्टही घ्या. गावागावांत हंगामी वसतिगृहं चालतात. आईबाप तोडीला गेले तरी पोरं आजीकडे राहतात आणि दोन वेळचं जेवण वसतिगृहात मिळतं. चार नातवंडांना एकटीने सांभाळणारी आजी ही या सगळ्या व्यवस्थेतली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती आहे, आणि परदेशी संस्थांच्या ब्रीफमध्ये ती कधीच नसते. तिला फिल्ममध्ये आणा. संस्थेचा कार्यकर्ता जीप घेऊन येतो आणि सगळं बदलतं, अशी मांडणी खोटी असते. शाळेचा शिक्षक स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी पत्रक, म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेला कागद, देतो, कुणी आत्या कारखान्याजवळच्या शाळेत नाव घालून येते, मग कुठे संस्थेचा वर्ग उपयोगी पडतो. त्या साखळीत संस्थेची जागा जेवढी आहे तेवढीच दाखवा. देणगीदाराला हे कळतं. त्याला कळत नाही असं धरून चालणारे लोक मधल्या ऑफिसांत असतात.

संमती

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. तुम्हीही घालवा.

पहिली गोष्ट, मुकादमाच्या तोंडून संमती कधीही घेऊ नका. फडात पोचलात की तोच पुढे येतो, खुर्ची मागवतो, हाक मारून एखादं कुटुंब समोर उभं करतो. ज्या माणसाची उचल डोक्यावर आहे त्याने "मॅडमला बोलू द्या" म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? मुकादमाला भेटा, नमस्कार करा, काय करायचंय ते सांगा, फडात यायची परवानगी घ्या. त्याच्याकडून एवढंच घ्यायचं. कुटुंबाशी बोलणं तो नसताना, रात्री स्वयंपाकाच्या वेळी किंवा गाडीची वाट बघत बसलेले असतात तेव्हा करा. हीच गोष्ट संस्थेच्या स्थानिक कार्यकर्त्याची. घरच्यांना वाटतं की नाही म्हटलं तर पोराचा वर्ग बंद होईल, दप्तर मिळणार नाही. म्हणून त्या कार्यकर्त्याला सोबत बसवून त्याच्याच तोंडून वदवून घ्या की नकार दिला तरी काहीही थांबणार नाही.

दुसरी गोष्ट, फिल्म म्हणजे काय हे दाखवून सांगा. आधी केलेली एखादी फिल्म, जिच्या कुटुंबाने तशी परवानगी दिली आहे, ती मोबाइलवर लावा. मग सरळ सांगा: हे इंटरनेटवर जाईल, गुरुजी बघू शकतील, मुकादम बघू शकेल, कारखान्याचे लोक बघू शकतील, उद्या सोयरीक जुळवताना पाहुणे बघू शकतील. सोयरिकीचं बोललं की आया थांबून विचार करतात. त्यांना तो विचार करू द्या. एक रात्र जाऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी परत विचारा. लेकराला वेगळं विचारा, आईबापांसमोर एकदा आणि थोडं बाजूला, पण सगळ्यांच्या नजरेच्या टप्प्यात, दुसऱ्यांदा. लहान लेकरं तोंडाने नाही म्हणत नाहीत. कॅमेरा काढला की दुसरीकडे खेळायला जातात, उत्तरं देईनाशी होतात, आईच्या पदराला धरतात. तो नकारच आहे, असंच धरा.

वाचता येत नसेल तर अंगठा घेऊन मोकळं होऊ नका. सगळी माहिती त्यांच्या बोलीत सांगताना आणि त्यांनी होकार देताना आवाज ध्वनिमुद्रित करा. तांड्यावरचं कुटुंब असेल तर गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारं माणूस सोबत हवं, आणि ते मुकादमाच्या नात्यातलं नको. परवानगी किती वर्षांसाठी आहे ते लिहा. माझ्या कागदावर तीन वर्षं असतात. परवानगी मागे घ्यायची असेल तर कुणाला फोन करायचा ते चिठ्ठीवर मोठ्या आकड्यांत लिहून द्या, आणि तो नंबर परदेशातल्या ऑफिसचा नको, इथल्या माणसाचा हवा.

पैशांचा प्रश्न येतो. बहुतेक संस्था मुलाखतीचे पैसे देऊ नका म्हणतात, आणि लेकराच्या हातात पैसे देऊ नयेत हे मलाही पटतं. पण ऊसतोडीचे पैसे टनावर मिळतात. तुम्ही आईला दोन तास बसवलंत की तेवढी तोड कमी झाली. म्हणून मुलाखती कामाच्या वेळेत ठेवू नका. ठेवावीच लागली तर बुडालेल्या कामाची भरपाई संस्थेकडून आधी मंजूर करून घ्या आणि पावती करून द्या. चॉकलेटं वाटू नका. दिलेला चहा प्या.

ओळख कशी फुटते

चेहरा दाखवायचा नाही असं ठरलं की लोक चेहरा धूसर करतात आणि निश्चिंत होतात. गाव माणसाला चालीवरून, आवाजावरून, नथीवरून, फ्रॉकवरून ओळखतं. आणि चेहरा सोडून चौकटीत काय काय असतं ते बघा. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंतीवर गावाचं नाव, केंद्र, यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) रंगवलेला असतो. ट्रॅक्टरवर नंबर असतो, ट्रॉलीवर मालकाचं आणि गावाचं नाव असतं. गणवेशावर शाळेचा बिल्ला असतो. हमी पत्रकावर लेकराचं पूर्ण नाव असतं. मोबाइलच्या फाइलमध्ये ठिकाण नोंदलं जातं, ते चित्रीकरणाआधीच बंद करा. ड्रोन हवाच असेल तर २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे तो भाग कुठल्या झोनमध्ये आहे ते डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-नकाशावर बघून घ्या. मी स्वतः कोप्यांवरून ड्रोन उडवत नाही. तिथे आडोशाला बायका अंघोळ करत असतात.

काही बाबतींत निवड तुमच्या हातात नसते, कायदा असतो. पोक्सो कायदा, २०१२, याच्या तेविसाव्या कलमाप्रमाणे लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाचं नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा, शेजार यांतलं काहीही माध्यमांत उघड करता येत नाही. बाल न्याय कायदा, २०१५, याचं चौऱ्याहत्तरावं कलम बाल कल्याण समितीसारख्या यंत्रणेपुढे प्रकरण गेलेल्या मुलांच्या ओळखीला संरक्षण देतं. ते मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बेकायदा मजुरी करताना सापडलेलं मूल आणि बालविवाहाच्या तोंडावर असलेली मुलगी या दोघांना हा कायदा काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली बालकं मानतो. आमच्या भागात कमी वयात लग्नं होतात, एक कोयता वाढतो म्हणूनही होतात. त्या विषयावर फिल्म असेल तर मी मुलीचा चेहराच काय, घराचा दरवाजाही घेत नाही.

अशा वेळी धूसर करण्यापेक्षा मुळातच वेगळं चित्र घ्या. भाकरी थापणारे हात, पाटीवर काढलेली रांगोळी, पाचटात, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्यात, चालणारे पाय. नाव बदलायचं असेल तर नवं नाव लेकरालाच निवडू द्या. एका मुलीने लगेच 'राणी' सांगितलं आणि पुढचे दोन दिवस मला त्याच नावाने हाक मारायला लावली.

आणि हे आधीच सांगा: "तू जे सांगशील ते मी कुणाला सांगणार नाही," असं वचन लेकराला देऊ नका. बोलता बोलता लैंगिक त्रासाची गोष्ट बाहेर आली तर ती पोलिसांना कळवणं पोक्सोखाली तुमच्यावर बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. कॅमेरा बंद करा, मुलीजवळ बसा, संस्थेच्या बालसुरक्षा जबाबदार व्यक्तीला लगेच फोन लावा. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक तुमच्या फोनमध्ये आधीच असला पाहिजे. ते चित्रण फिल्ममध्ये येणार नाही.

कॅमेरा, आणि त्याहून आवाज

कॅमेरा कुठलाही चालतो. तीन-चार वर्षांपूर्वीचा चांगला मोबाइल असला तरी फिल्म होते. फक्त त्याला आपल्या विजेची सवय लावा. आपल्याकडे वीज पन्नास हर्ट्झची आहे, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर एक छेद पन्नास ठेवा. मोबाइल मुळात तीस फ्रेमवर असतो, आणि वसतिगृहातल्या ट्यूबलाइटखाली चित्र लपलपायला लागतं. आयफोनच्या सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट, म्हणजे हेच २५ फ्रेमचं माप, सुरू करायची सोय आहे. नाहीतर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत अ‍ॅप घ्या, त्यात सगळं हाताने ठरवता येतं.

खर्च करायचा तो माइकवर करा. उसाच्या फडात पाचट सतत खसखसतं, वारा असतो, ट्रॅक्टर असतो. कॉलरचा माइक लेकराच्या कपड्याला लावताना तो आईच्या हाताने लावून घ्या, तुम्ही लावू नका. वर केसाळ टोपी हवीच. सोबत एक बूम माइकही, म्हणजे काठीवर धरायचा माइक, चालू ठेवा. प्रत्येक ठिकाणी कुणी न बोलता मिनिटभर नुसता तिथला आवाज घेऊन ठेवा, संकलनात तो सोन्याच्या भावाचा असतो. आणि ट्रॅक्टरवरची गाणी! ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर गाणं न वाजवता जात नाही. मागे गाणं आलं की परदेशी संस्था हक्कांच्या भीतीने तो तुकडा टाकून देते. चालकाला विनंती केली तर तो पाच मिनिटं बंद करतो. त्यासाठी आधी त्याच्याशी ओळख करून घ्या.

कोप्यांमध्ये वीज धरू नका. बॅटऱ्या, पॉवर बँक सगळं भरून न्या. कोपीत अंधार असतो, आणि भोवती वाळलेलं पाचट असतं, त्यामुळे तापणारा कुठलाही दिवा आत नेऊ नका. बॅटरीवरचा छोटा एलईडी पॅनल पुरतो. दरवाजाशी बसवलंत तर त्याचीही गरज पडत नाही. कॅमेरा लेकराच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, म्हणजे बहुतेक वेळा तुम्हाला मांडी घालून बसावं लागेल. वरून घेतलेलं चित्र लेकराला केविलवाणं करतं. परदेशातून आलेल्या जुन्या फिल्म बघा, निम्मा परिणाम त्या वरच्या कोनाचा असतो.

कपड्यांवरून वाद होतात. शूटिंग आहे कळल्यावर आई पोरीला दिवाळीचा ड्रेस घालते, तेल लावून वेण्या घालते. संस्थेचा माणूस म्हणतो, रोजचे कपडे घालायला सांगा. मी सांगत नाही. फोटो काढताना आपण सगळेच चांगले कपडे घालतो. तो तिचा हक्क आहे.

आणि एक गोष्ट कधीही करू नका: काम करणाऱ्या लेकराला "परत एकदा कर" म्हणू नका. ती मोळी उचलत होती आणि तुमचा फोकस चुकला, तर तो शॉट गेला. तुमच्यासाठी तिने दुसऱ्यांदा मोळी उचलली, तर ते काम तुम्ही तिच्याकडून करून घेतलंत. ती जड काही उचलत असेल, कोयत्याशी खेळत असेल, टायरगाडीच्या चाकाजवळ झोपली असेल, तर आधी कॅमेरा ठेवून तिला बाजूला घ्या.

बोलतं करणं

"तुला कसं वाटतं?" हा प्रश्न टाळा. लेकरं त्याला "चांगलं वाटतं" म्हणतात, कारण वर्गात तसंच उत्तर द्यायचं असतं. कामाचं विचारा. सकाळी उठल्यावर काय करतेस? मग? बारकी रडायला लागली तर काय देतेस? वाढं (उसाच्या हिरव्या शेंड्यांची वैरण) कसं बांधायचं, मला दाखव की. ती सांगायला लागते: "मी पाचला उठते. आई तोवर फडात गेलेली असती. भाकरी नेऊन देते, मग बारकीला घेते. गाडी भरली की वाढं बांधते. इकडं दूधवाले घेतेत ते." एवढ्यात सगळं आलं. पहाट आली, आईची गैरहजेरी आली, शाळा नाही हेही आलं, आणि तरी ती रडलेली नाही. तिला तिच्या कामाची माहिती आहे, आणि ती माहिती तुमच्याकडे नाही. ती शिकवते आहे, तुम्ही शिकताय, हे नातं फिल्ममध्ये दिसलं की प्रेक्षक तिच्याकडे मान वर करून बघतो.

रडू आलं तर थांबा. रडण्याचा शॉट ब्रीफमध्ये नसला तरी संकलनाच्या टेबलावर त्याचा मोह सगळ्यांनाच होतो. माझा नियम साधा आहे: आई-वडील वारल्याबद्दल, मारहाणीबद्दल, उपाशी झोपण्याबद्दल मी लेकराला विचारत नाही. तिने आपणहून सांगितलं तर ऐकते आणि वापरायचं का ते दुसऱ्या दिवशी तिलाच विचारते. घरचा कर्जाचा हिशोब मोठ्या माणसांकडून घ्या. लेकराकडून वाचलेल्या पुस्तकाचा घ्या, पोहण्याचा घ्या, भांडणाचा घ्या. मुलाखत वीस मिनिटांच्या पुढे नेऊ नका. सोबत एक घरचं मोठं माणूस आणि तुमच्यातले किमान दोन जण असावेत. एकट्याने लेकरासोबत कोपीत बसायचं नाही, कारण काहीही असो.

संकलन आणि पुढचं

तीन मिनिटांत लेकराचं बोलणं दीड मिनिटाच्या वर बसत नाही. बाकीची जागा हातांना, रस्त्याला, शांततेला द्या. पहिल्या दहा सेकंदांत लेकरू काहीतरी करताना दिसावं. लोक मोबाइलवर बघतात, तिथे आकाश आणि शेताचे लांबचे शॉट बघायला कुणी थांबत नाही. उभी फिल्म वेगळी करायची असते, म्हणून चित्रीकरण करतानाच मुख्य माणूस चौकटीच्या मधल्या भागात ठेवा.

लेकराचा आवाज काढून त्यावर इंग्रजी बोलणारी अभिनेत्री बसवायची मागणी येते. नाही म्हणा आणि उपशीर्षकं द्या: एका वेळी दोन ओळी, एका ओळीत इंग्रजीची साधारण बेचाळीस अक्षरं. भाषांतर स्वतः करा, मग ते त्या बोलीच्या दुसऱ्या माणसाकडून चित्राबरोबर तपासून घ्या. फाइल देताना अक्षरं नसलेली प्रत, संगीत आणि बोलणं वेगळं ठेवलेले ट्रॅक, आणि काय वापरू नये याची यादी एकत्र द्या. सगळं कच्चं चित्रण देऊ नका. ज्या दृश्यांना परवानगी नाही ती त्यांच्या संग्रहात गेली की पाच वर्षांनी नवा कर्मचारी ती काढून वापरतो.

पैशांचं थोडक्यात. परदेशातून थेट मिळणारं शुल्क सेवेचं आहे, देणगी नाही, हे बिलावर स्पष्ट दिसलं पाहिजे. परदेशी योगदान नियमन कायदा, २०१०, व्यवसायाच्या ओघात दिलेल्या सेवेच्या मोबदल्याला परदेशी योगदान धरत नाही. इथल्या संस्थेने त्यांच्या परदेशी निधीतून दिलं तरी सेवेचा करार करा, 'उपअनुदान' (एका संस्थेने आपल्या अनुदानातून दुसऱ्याला पुढे दिलेला निधी) असा शब्द कागदावर येऊ देऊ नका. जीएसटी नोंदणी असेल तर दर आर्थिक वर्षी लेटर ऑफ अंडरटेकिंग, म्हणजे कर विभागाला द्यायचं हमीपत्र, भरा, म्हणजे परदेशी बिलावर कर लावावा लागत नाही. संस्था आपला परदेशी कॅमेरामन पाठवते म्हणाली तर पर्यटक व्हिसावर चित्रीकरण चालत नाही हे त्यांना सुरुवातीलाच कळवा.

कच्चं संकलन झालं की फिल्म घेऊन कुटुंबाकडे जा. लिंक पाठवून भागत नाही, फडात रेंज नसते. टॅबवर दाखवा, आधी लेकराला, मग घरच्यांना. ते हसतील, लाजतील, परत लाव म्हणतील. तिसऱ्या वेळी खरं बोलणं निघतं. एका वडिलांनी फक्त एवढंच म्हटलं की उचलीचा आकडा काढा, भावाला माहीत नाही. आकडा काढला. एका मुलीने धाकट्याच्या नाकाला शेंबूड असलेला शॉट बदलायला लावला. तोही बदलला. संस्थेला कळवताना "कुटुंबाच्या सूचनेनुसार" एवढं लिहिलं की पुरे.

अंतिम फिल्म मेमरी कार्डवर घालून घरी द्या, सोबत दोन-तीन छापील फोटो द्या. मूळ फाइली दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, त्यांना पासवर्ड लावा, आणि लेकराचं खरं नाव असलेला संमतीचा कागद त्याच डिस्कवर ठेवू नका. परवानगीची मुदत संपायच्या महिनाभर आधीची आठवण कॅलेंडरमध्ये आजच लावून ठेवा. ती तारीख आली की संस्थेला मेल करा, फिल्म संकेतस्थळावरून आणि समाजमाध्यमांवरून उतरवली का ते स्वतः तपासा आणि कुटुंबाला फोन करून सांगा. मुलगी तोवर अकराची चौदा झालेली असते. परवानगी वाढवायची असेल तर आता तिला नव्याने, पहिल्यापासून विचारा.